वरच्या दाढेवरची लाल खूण

बाबा,

रविवारी लालबागची खोली रिकामी केली. चाळ पाडणार आहेत, महिनाअखेर सगळ्यांना निघायचं आहे. तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली प्लास्टरची दोन मॉडेलं होती, एक वरच्या जबड्याचं, एक खालच्या. बुडाला तुमच्या अक्षरात पेन्सिलीने ‘घरचं’ एवढंच लिहिलेलं. ते आईचे दात आहेत हे ओळखायला मला वेळ लागला नाही. मग वरचं मॉडेल खिडकीपाशी उजेडात धरलं आणि उजव्या बाजूच्या पहिल्या दाढेवर लाल पेन्सिलीची खूण दिसली. खुणेच्या आत सुरीने खरवडलेली सपाट जागा आहे. प्लास्टर तिथे गुळगुळीत आहे, आजूबाजूला नाही. किती खोल खरवडलंय ते मी मापलं. शेजारच्या उंचवट्यांवरून धरलं तर साधारण अर्धा मिलिमीटर. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. इतका राग मला तुमचा कधी आला नव्हता, तुम्ही होतात तेव्हाही नाही.

तुम्ही दातांचे डॉक्टर नव्हतात, डॉक्टरांसाठी दात बनवणारे होतात. तोंडं त्यांच्याकडे, प्लास्टर तुमच्याकडे. गिरगावच्या, दादरच्या दवाखान्यांतून मॉडेलं यायची आणि आपल्या एका खोलीत, ओट्याच्या कोपऱ्यावर, तुमची स्पिरिटची बत्ती आईच्या स्टोव्हला खेटून जळायची. आई सोलकढीसाठी नारळ वाटायची आणि तुम्ही तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर मेणाची दाढ कोरत असायचात. ‘धक्का लागला तर माझी दाढ गेली,’ तुम्ही म्हणायचात. ‘कढीत पडली तर माझी कढी गेली,’ ती म्हणायची. मी दहा वर्षांची असताना तुम्ही माझ्या हातात मेणाचा ठोकळा दिलात आणि नंतर माझी पहिली दाढ हातात धरून म्हणालात, ‘देखणी आहे. पण दाढ बघायला नसते, चावायला असते. वरचीशी हिची गाठ कुठे पडणार, ते आधी बघ.’ पुढे मी दातांची डॉक्टर झाले, पण माझ्या धंद्याचं निम्मं शिक्षण या तीन वाक्यांत झालं. म्हणून तर राग जास्त आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत.

ऑनले म्हणजे काय हेही मला कॉलेजच्या आधी तुमच्याकडूनच कळलं. तेव्हा बहुतेक डॉक्टर दाढ जराशी तुटली की चारी बाजूंनी घासून तिच्यावर टोपी बसवायचे. तुम्हाला ते पटायचं नाही. घरी, फक्त आमच्यापुढे, तुम्ही म्हणायचात, ‘गावाला घराच्या भिंती धड असल्या आणि छप्पर तेवढं गळत असलं तर आपण छप्पर शाकारतो, भिंती पाडत नाही.’ ऑनले म्हणजे ते छप्पर. दाढेचे किडलेले, तुटके उंचवटे तेवढे काढायचे, धड बाजू ठेवायच्या, आणि वरून मापाचा तुकडा बनवून चिकटवायचा. दाढेचं जेवढं शिल्लक आहे तेवढं वाचतं. पण त्या छपराला जाडी लागते, आणि त्या जाडीसाठी डॉक्टरने दाढ पुरेशी खाली घ्यावी लागते. नाही घेतली तर तुकडा उंच होतो आणि तोंड मिटताना समोरच्या दाढेवर आपटतो. अशा वेळी बनवणाऱ्याने एकच करायचं असतं. डॉक्टरला फोन करायचा आणि सांगायचं, साहेब, जागा कमी आहे, पुन्हा घासा.

तुम्ही फोन केला होतात. मी सोळा वर्षांची होते, कॉटवर गणितं सोडवत बसले होते. आईची खालची उजवी दाढ तुटली होती आणि गिरगावच्या डॉक्टरांनी स्वतःहून म्हटलं होतं, ‘वहिनींना घेऊन या, घरचंच काम आहे.’ त्या मोठेपणाने तुम्ही आठवडाभर चाळीत ताठ मानेने फिरलात. मग मॉडेलं आली, तुम्ही ती एकमेकांवर बसवलीत, उजेडात धरलीत, आणि शेजाऱ्यांकडे जाऊन फोन करण्याऐवजी पहिल्यांदाच तुमच्या नव्या मोबाइलवरून लावलात. तुमचा आवाज मला आजही ऐकू येतो. ‘नमस्कार साहेब. हो, मिळालं. उत्तम, उत्तम. नाही, म्हणजे, जागेचं जरा... हो. हो साहेब. नाही नाही, काहीच अडचण नाही. जमवतो.’ फोन ठेवलात, कानामागची लाल पेन्सिल काढलीत, आणि वरच्या दाढेवर खूण केलीत. मी विचारलं, ‘बाबा, दाढ खालची आहे ना? मग वरची का खरवडताय?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘प्लास्टरमध्ये बुडबुडा आलाय. तू अभ्यास कर.’

बुडबुडे येतात. ते खरवडतातही. म्हणून खोटं बेमालूम होतं. पण बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो, बाबा, आणि तुम्ही खरवडलीत ती जागा मसुराच्या डाळीएवढी आहे.

प्लास्टरवर तुमचा धातूचा तुकडा सुंदर बसला. बसणारच होता, समोरची दाढ तुम्ही आधीच बुटकी केली होती. आईच्या तोंडात ती बुटकी नव्हती. गिरगावच्या त्या दवाखान्यात आपण तिघं गेलो होतो. तुम्ही चप्पल बाहेर काढून दाराशी उभे, हात पोटावर बांधून, गिऱ्हाईक असूनही कारागिरासारखे. दाढ कुठे आपटते त्याचा डाग उमटवणारा निळा कागद डॉक्टरांनी आईला चावायला दिला. ‘उंच लागतंय का वहिनी?’ आईने मान डोलावली. त्यांनी धातूचा तुकडा थोडा घासला, पुन्हा कागद, पुन्हा उंच. मग ते म्हणाले, ‘आता अजून घासलं तर भोक पडेल. वरच्या दाढेचं थोडं घेतो, काही कळणारसुद्धा नाही.’ वरची दाढ धडधाकट होती. तिला कधी कीड नव्हती. तुम्ही दाराशी होतात. त्या खोलीत तुम्ही एकटेच होतात ज्याला नेमकं माहीत होतं की तो अर्धा मिलिमीटर कुठून आला. ड्रिल सुरू झालं आणि तुम्ही कॅलेंडरकडे बघत राहिलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. वरची दाढ गार पाण्याने शिणशिणायला लागली. आई म्हणाली, सवय होईल. आठ महिन्यांनी ती दाढ उभी चिरली, मऊ भात खाताना, आणि काढावी लागली. गालात कापूस धरून आई कॉटवर बसली होती. आणि तेव्हा तुम्ही, बाबा, तिला म्हणालात, ‘सुपारी कमी कर म्हणून किती वेळा सांगितलं.’

दुपारची भांडी झाली की बाहेरच्या गॅलरीत शेजारणींबरोबर सुपारीचं एक खांड, एवढीच तिची चैन होती. तिने अडकित्ता त्याच दिवशी माळ्यावर टाकला. तुमची बहीण प्रत्येक सणाला विचारायची, ‘काय वहिनी, सुपारी देऊ, की उरलेले दात ठेवायचेत?’ सगळे हसायचे. तुम्हीही. आई उजव्या बाजूने चावायचीच बंद झाली आणि ओशाळून हसायला शिकली. चौदा वर्षं तिने स्वतःची चूक म्हणून ती रिकामी जागा जिभेने चाचपली आहे. डॉक्टरपुढे तुमची जीभ उचलली नाही हे मी एक वेळ समजू शकते. तुमच्या सगळ्या कामाचा निम्मा भाग त्यांच्याकडून यायचा. पण घरी कोण साहेब होता? तिच्यापुढे बोलायला तुम्हाला कोणाची परवानगी हवी होती? आणि ते मॉडेल फोडून टाकायचं सोडून जपून ठेवलंत. बनियनमध्ये गुंडाळून. याला पश्चात्ताप म्हणतात असं कोणी मला सांगायला येऊ नये. पश्चात्ताप डब्यात ठेवून ज्याचा दात गेला त्याला काही मिळत नाही.

मी तिला सांगितलं. सोमवारी ती दादरला माझ्या दवाखान्यात आली होती. तिची डावी खालची दाढ मी शनिवारीच ऑनलेसाठी घासली होती. चौदा वर्षं सगळं चावणं एकाच बाजूवर पडल्यावर दाढ तुटते, यात नवल नाही. त्या दाढेवरचा तात्पुरता भराव निघाला म्हणून ती आली होती. मी दोन्ही मॉडेलं तिच्या मांडीवर ठेवली आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं. ती बराच वेळ प्लास्टरवरून बोट फिरवत राहिली.

‘म्हणजे सुपारीचा काही संबंध नव्हता?’

‘अजिबात नव्हता असं ठाम नाही सांगता येणार. पण दाढ चिरायला सुपारीची गरज नव्हती.’

‘डॉक्टरीणबाई, सरळ बोल.’

‘नव्हता.’

रागावली की तिची भाषा सरळ गावाला जाते. ‘मगे चौदा वर्सां मियां सुपारी कित्याक सोडलंय?’ ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर बसलेला पेशंट दारातून डोकावला. तुमच्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. खुर्चीतून उतरली, पर्स काढली आणि मला म्हणाली, ‘जा, खालसून सुपारी घेवन ये.’ मी म्हटलं, दाढ घासलेली आहे, आता नाही, आणि नंतरही नको, ती खरंच वाईट असते. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘खरी गोष्ट सांगलंस, आणि तरी नको तां नकोच. बापाचीच तू.’

हे मला लागलं. मी कोणाची आहे हे सिद्ध करायला म्हणून, ती गेल्यावर, मी परळला फोन लावला. माझी कामं करणारे लॅबवाले तुमच्याच वयाचे असतील, म्हणजे तुम्ही असतात तर. आईच्या दाढेची मॉडेलं शनिवारपासून त्यांच्याकडे होती. मी विचारलं, ‘काका, जागा पुरते ना?’

ते म्हणाले, ‘पुरवतो मॅडम.’

‘पुरवतो म्हणजे?’

‘मागच्या कोपऱ्यात जरा कमी आहे. जमवतो.’

मी म्हटलं, काहीही खरवडू नका, मी पुन्हा घासून नवं माप पाठवते. आणि मग मी आवाज चढवला, जसा तुमच्यावर चढवायला हवा होता. ‘मग फोन का नाही केलात? जागा कमी असली तर फोन करायचा, एवढं साधं काम आहे!’

ते शांतपणे म्हणाले, ‘गेल्या वर्षी केला होता मॅडम. तुम्ही म्हणालात, पेशंट खुर्चीत आहे, छोट्या गोष्टींसाठी फोन नका करू, जमवून घ्या.’

मला ते आठवत नाही. पण ते खोटं बोलत नाहीत, हे मला कळलं, कारण वाक्य माझं आहे. एकही शब्द जास्त नाही.

बुधवारी आईची दाढ पुन्हा घासली, मागचा कोपरा नीट खाली घेतला, दीड मिलिमीटर, दोनदा मापून. ती कुरकुरली, ‘एकदा धड करता येत नाही का गो?’ मी हो म्हटलं, माझी चूक होती, पहिल्यांदा कमी घासली. ते वाक्य उच्चारायला चार सेकंद लागले. तुम्ही जाण्याआधी तुम्हाला चौदा वर्षांतली पहिली तीन मिळाली होती, त्यात ते चार सेकंद निघाले नाहीत. माझा राग गेलेला नाही, आणि जावा अशी माझी घाईही नाही.

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार होते. नाही ठेवत. लपवायच्या वस्तूंसाठी आपल्या घरात पुरेशी जागा वापरून झाली आहे. मॉडेलं दवाखान्यात माझ्या टेबलावर आहेत, लाल खूण वर येईल अशी, आणि परळच्या काकांना मी सांगितलं आहे की जागा कमी असली तर कितीही वाजता, कोणीही खुर्चीत असलं तरी फोन करायचा. ते हो म्हणाले.

फक्त, गेल्या वर्षी त्यांनी जमवून घेतलं ते काम कोणाच्या तोंडात आहे, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.