पोटाले शिवलेला हात

वर्धा, मोठा दवाखाना, वरचा माळा, खाट नंबर अकरा
बुधवार, २२ एप्रिल २०२६

गोपाल, लेका,

रोशनचा रामराम घेजो, मामा-मामीले नमस्कार सांगजो. चिठ्ठीत पयले खुशाली लिवतात म्हनून लिवतो. माही माय बरी आहे, तुही माय बरी आहे, तुह्या बापाचं बीपी बरं आहे, अन् मी दोन आठवड्यापासून स्वतःच्याच पोटाले बांधेल आहो.

अक्षरावर हासू नको. डाव्या हातानं लिहून राह्यलो. उजव्यानं काही मोती पडत होते असं नाई. दहावीत मास्तर इचारे, "हे तुनं लिवलं का कोंबडीनं?" आता तर कोंबडी बी म्हनन का हे माह्यं नाई.

चौदा वेळा फोन लावला. तू कापला. मंग नंबर लागनंच बंद झालं. तुही बहीन वर्षाली म्हने, "दादा कोनाशीच बोलत नाई, मामाच्या संत्र्याले पानी देत बसते. रविवारी मी मामाकडे आष्टीले जाऊन राह्यली, काय सांगाचं ते कागदावर दे." म्हनून हा कागद.

पयले हाताचं सांगतो. मधली दोन बोटं गेली. अंगठा आहे, त्याच्या बाजूचं आहे, करंगळी आहे. वरची चामडी सगळी सोलून निंघाली होती, ते तर तू पाह्यलंच. मंग प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर आले. मले वाटलं प्लास्टिकचा हात बसवतीन, मी म्हनलो निळा द्या. ते म्हनले, "प्लास्टिक वगैरे काही नसतं रे, तुझ्याच पोटाची चामडी लावायची." मी म्हनलो काढा. तर हे लोकं काढत नाईत बे! जांघेच्या वरून चामडीचा एक पट्टा उचलला, त्याचं एक टोक पोटालेच राहू देलं, अन् माहा हात नेऊन त्या पट्ट्यात शिवून टाकला. तीन आठवड्यासाठी. पोटाचं रक्त हाताले मिळाले पाह्यजे म्हने. वासरू गायीले लागते तसा माहा हात पोटाले लागेल आहे.

आता इचार कर. कूस बदलता येत नाई. शर्ट घालता येत नाई. शिंक आली का दोन्हीकडून ओढते. जेवन माय भरवते, अन् प्रत्येक घासाले एक सुस्कारा फ्री. हातावरच्या त्या चामडीले कोनी बोट लावलं तर मले पोटाले लावल्यासारखं वाटते. एका शिकाऊ डॉक्टरले म्हनलो, हाताले गुदगुल्या करून पाहा, पोटाले होतात. त्यानं केल्या. मी असं तोंड केलं का त्याले वाटलं टाकेच तुटले. धावतच गेला मोठ्या डॉक्टरले बोलवाले. मोठ्या डॉक्टरनं मले जे झापलं, ते अख्ख्या वार्डानं ऐकलं. ते म्हने, पुढं वजन वाढलं तर हातही जाड होईल, चामडी पोटाचीच आहे. म्हनजे लग्नात दाबून जेवलो का हाताले ढेरी.

अन् लोकं! आपल्या गावाहून, आंजीहून जो येते तो एकच बोलते, "पोराचं हातावर पोट होतं, आता पोटावर हात आला." एकोनीस जनं बोलले आतापर्यंत. प्रत्येकाले वाटते आपल्यालेच सुचलं. मी हासतो. नाई हासलो तर बाहेर जाऊन मायले सांगतात, पोरगं खचलं.

बाजूच्या खाटेवर हिरालाल शेठ आहेत, पिपरी मेघेचे, किराना आहे त्याईचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गालाचा कॅन्सर झाला. गाल कापला अन् छातीचं मास आनून तिथी लावलं. बोलता येत नाई, पोराची पाटी घेऊन त्यावर लिवतात. हासता तर अजिबात येत नाई, टाके ओढतात. म्हनून त्याईची घरवाली प्रमिलाबाई मले म्हने, "तू तिकडं तोंड करून बोल रे बाबा, माझ्या माणसाचा गाल फाटेल."

बाकी ठीक. खाट मोडकी आहे. पंखा आवाज करते.

शुक्रवार, २४

वरचं परवा लिवलं अन् थांबलो. वर्षालीले सांगतलं हात दुखला. हात नव्हता दुखला.

त्या दिवशीचं लिवतो. तुले सगळं मालूम आहे, तरी लिवतो.

रसवंतीवर गर्दी होती. मी चरकात ऊस लावत होतो, तू मशीनच्या बटनाजवळ. मी शरबताचा लाल रंग रुमालाले फासला, हात बाहीत लपवला अन् पयली बोंब मारली, "गोपाल, हात गेला!" तू बटनावर अशी झेप घेतली का दोन गिलास फुटले. बाकड्यावरचे गिऱ्हाईक पोट धरून हासले. अर्ध्या घंट्यानं दुसऱ्यांदा बोंबललो. तू पुन्हा बटन बंद केलं, मंग माह्या पाठीत बुक्की घातली अन् म्हनला, "आता तिसऱ्या बारीले मी उठत नाई, मरजो तिथीच." सगळे अजूनच हासले.

मंग ऊस अडकला अन् मी तो हातानं रेटला. बोंबललो तेव्हा मी तुह्याकडे पाह्यलं. तू हासत होता.

एवढं लिवाले मले अर्धा दिवस लागला.

आता पुढचं, जे तुह्याशिवाय कोनाले मालूम नाई. दवाखान्यात तुह्या बापानं इचारलं, "कसं झालं रे?" माय समोर उभी, तोंडात पदराचा बोळा. तिले कसं सांगू का पोरानं लोकाईले हासवता हासवता हात घालवला? तोंडातून निंघालं, "मी चरक पुसत होतो काका, गोपालनं न पाह्यता बटन दाबलं." तुह्या बापानं सगळ्याईसमोर तुह्या कानाखाली वाजवली. तू माह्याकडे पाह्यलं अन् एक शब्द नाई बोलला. तसाच निंघून गेला.

काऊन नाई बोलला बे? तिथीच म्हनाचं होतं, साला खोटारडा आहे. दोन मिनिटात निकाल लागला असता. तू चूप बसला अन् माह्यं खोटं पक्कं झालं. खरं सांगतो, पयला आठवडा मी तुह्यावरच चिडेल होतो. मंग वर्षालीनं सांगतलं, "दादा म्हनते, माह्याच्यानंच झालं ते." तेव्हा समजलं. तू हासला म्हनून तुले वाटते चूक तुही.

तर मी मागच्या मंगळवारी तुह्या बापाले बसवलं अन् सगळं खरं सांगतलं. तीनही बोंबा सांगतल्या. बबनरावकाकानं सगळं ऐकलं. मले वाटलं आता दुसरा कान माहा. तर ते डोळे पुसून मायले म्हनतात, "जिजाबाई, पोरगं मोठ्या मनाचं निंघालं. दोस्ताचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यलं."

मी म्हनलो, "काका, मायच्या गळ्याची शपथ!"

ते म्हनले, "शपथ कायले खातं? काल नर्सबाईच्या गळ्याची खाल्ली होती."

ते बी खरंच आहे. माय रडाले लागली अन् म्हने, "हात गेला पन अक्कल आली." दुसऱ्या दिवसापासून गावातून जो येते तो माह्या डोक्यावरून हात फिरवते. कालपासून वार्डात मी संत झालो आहो. खोटं बोललो ते एका झटक्यात मानलं, अन् खरं बोलतो तर आरती ओवाळून राह्यले. डोकं फिरलं माह्यं. मी ओरडलो बी, "अहो, मी हलकट आहो, ऐका ना!" तर सगळे हासले.

एकटे हिरालाल शेठ हासले नाई. त्याईले हासताच येत नाई म्हना. त्याईनं पाटी घेतली अन् लिहून दाखवलं, "कागदावर लिहून दे. कागदावर तुझं तोंड दिसत नाही."

म्हनून दोन कागद लिवले. एक हा. दुसरा तुह्या बापाच्या नावानं आहे, त्यात सगळं आहे, बोंबा, रंग, खोटं, सगळं. पन तो मी त्याईच्या हातात नाई देत. मी देला तर पुन्हा म्हनतीन, पोरगं देवमानूस आहे. तो बी तुह्याकडेच पाठवून राह्यलो. तू आनून द्याचा.

मंगळवारी अठ्ठावीसले हात पोटापासून सोडवतात. दोन दिवसापासून तो पट्टा रबरानं थोडा थोडा वेळ आवळून पाह्यतात, पोटाचं रक्त बंद केलं तर हात आपल्या भरवशावर जगते का म्हनून. परवा आवळला तर थंडा पडून निळा झाला. निळाच मागतला होता ना मी. मोठ्या डॉक्टरनं बोटानं दाबून पाह्यलं अन् लगेच रबर सोडाले लावलं. आज मातर दहा मिनिटं गुलाबी राह्यला. ते म्हनले चांगलं आहे. मी भिंतीकडे तोंड करून होतो. मले भेव लागते गोपाल. हे मायले नाई सांगतलं, कारन ती म्हनन मजाक नको करू, किंवा म्हननारच नाई अन् रडन. दोन्ही मले नाई पाह्यजे.

सकाळी साडेआठले मले आत नेतात. तुहा बाप सातपासून बाहेरच्या बाकड्यावर राहीन, मी त्याईले बोलावून ठेवलं आहे. तू ये. मले पाह्याले नको येऊ, संत्री बी नको आनू. बापाच्या हातात कागद दे अन् एवढंच म्हन, "रोशन म्हनते ते खरं आहे." तू जनमात कधी खोटं बोलला नाई, तुह्यं ऐकतात लोकं. तू म्हनशीन तेव्हाच मी खोटारडा ठरन. मी आत जाच्या आधी ठरलो पाह्यजे, बस.

अन् त्या हासन्याचं म्हनशीन, तर ते कोनालेच सांगाचं काम नाई. हासवाले मीच तर उभा होतो. माह्या मजाकीवर तू हासला, त्याच्यासाठी तुले काऊन शिक्षा?

नाई आला तरी मी समजन. पन कागद फाडू नको, बापाले दे, म्हनजे तुले घरी जाता येईन.

तुहा खोटारडा दोस्त, हे दोन कागद सोडून,
रोशन