पिपसाठी बेसिलचा नर

डनोली, ३ नोव्हेंबर १९८४

चि. क्लॅरीस नोरीनचे अ. आ., मोडलेला खुबा जुळेपर्यंत पुरतील एवढे.

तुझी पिप महिनाभर माजावर आहे. सशांच्या बिळात सोडायचं हे मुंगसासारखं फेरेट माझ्या गळ्यात घालून इस्पितळात गेलास, तेव्हा हे सांगायला तोंड नव्हतं का? मागचं अंग अक्रोडाएवढं सुजलंय, शेपटीचे केस झडताहेत. सशाचं काळीज पुढे ठेवलं तर नुसतं हुंगते. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, ही मादी नराशिवाय थंडावत नाही, आतल्या आत रक्त आटून मरते. सुईचं औषध त्याच्याकडे नाही, यायला पंधरवडा लागेल. पिल्लं नको असतील तर नसबंदी केलेला नर आणा, पण लवकर.

असा नर इथे एकाच माणसाकडे आहे. बेसिल ट्रेलोर. उशी फेकू नकोस. उलट टपाली कळव, वॉर्डातला फोन तुझ्या खाटेपर्यंत येत नाही.

मायेत काटछाट न करणारी,
नोरीन

इस्पितळ, ६ नोव्हेंबर

ती. ताईस क्लॅरीचा सा. न., पडल्या पडल्या.

बेसिलच्या दारात जायचं नाही. आठ वर्षांपूर्वी सशांच्या शिकारीला एकत्र गेलो होतो, तेव्हा त्याच्या कुत्र्याने माझा फेरेट, ड्यूक, मारला, विसरलीस? पिप कुत्रीसारखी आपोआप निवळेल. डॉक्टर गुरांचा, त्याला फेरेटातलं काय कळतंय? अंडं फेटून दे आणि कुशीत घे. तू घेत नसशील, मला ठाऊक आहे.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारतो, कोणासाठी झुरतोस. मी सांगतो, बायकोसाठी. मला बायको नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

लोभ ठेव, राग नको.
तुझा क्लॅरी

डनोली, ९ नोव्हेंबर

चि. क्लॅरीस, आशीर्वाद मागाहून.

हिरड्या पांढऱ्या पडायला लागल्यात. काल मागचे पाय ओढत चालली. मी बेसिलकडे गेले. ओरड हवं तर. त्याने चहा दिला आणि म्हणाला, नर देईन, पण क्लॅरीने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून मागावा. म्हणे, त्याने आठ वर्षं गावभर माझ्या कुत्र्याला खुनी म्हटलंय. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकाच मापाचे हट्टी. तो म्हणाला, असू दे, दोन ओळी.

तेव्हा लिही. तिच्याकडे किती दिवस आहेत, डॉक्टरलाही सांगता येईना. आणि हो, कुशीत घेते. अंगाला वास राहतो.

नोरीन

इस्पितळ, १२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

खालचा कागद फाडून बेसिलला दे. आधी तू वाच, दुसऱ्याकडून कळायला नको.

क्लॅरी

बेसिल, तुझा नर दे. त्या दिवशी वरच्या अंगाच्या बिळावर जाळी मी लावायची होती. राहिली. ड्यूक तिथून बाहेर आला, तुझ्या कुत्र्याला ससा वाटला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. क्लॅरी.

डनोली, १९ नोव्हेंबर

चि. क्लॅरीस अ. आ.

तुझा कागद चौदाला मिळाला. पण बेसिल दहालाच नर पिशवीत घालून दारात उभा होता. म्हणाला, तुझ्या भावाचं अक्षर येईपर्यंत जनावर मरेल. नराने मानगूट धरून तिला अशी फरफटवली की मी अंगणात जाऊन उभी राहिले. बेसिल म्हणाला, यांचं असंच असतं.

म्हणजे तुझ्या कागदाची गरज उरली नव्हती. चुलीत घातला असता तर तुझी अब्रू झाकली असती. मी नेऊन दिला. त्याने उभ्यानेच वाचला. म्हणाला, उघडं बीळ मी त्याच दिवशी पाहिलं होतं, हा कधी बोलतो याची वाट बघत होतो. मग कागद खिशात घातला, चहा विचारला नाही. मीही मागितला नाही.

पिपची सूज उतरलीय, हिरड्यांवर रंग चढतोय. काल अर्धं काळीज खाल्लं आणि माझ्या बोटाला चावली. डॉक्टर म्हणतो, वाचली.

रविवारच्या बसने बेसिल तुला भेटायला येतोय. झोपेचं सोंग घेऊ नकोस.

आहे ती माया तशीच राहू दे.
नोरीन