बाप्तिस्म्याची तारीख

शारजा, मंगळवार, १२ नोव्हेंबर

एजंटने आज आमची कॅनडाची फाइल परत केली. "खलास मॅडम, आपकी तो दो डेट्स हैं." पासपोर्टवर बावीस मे. भावाने वसईहून पहिल्यांदाच काढून पाठवलेल्या जन्मदाखल्यावर तीन मे.

बावीस मेला माझा बाप्तिस्मा झाला. पप्पांनी शाळेत चर्चचा दाखला दिला आणि त्यावरची तारीख जन्मतारीख म्हणून लागली. आमच्या गावात अर्ध्यांचं असंच आहे, कुणाचं कधी अडलं नाही. माझंच का?

आता आधी पासपोर्ट बदला, मग इथला आयडी, मग पुन्हा फाइल. फ्रान्सिसची नोकरी महिनाअखेरीस संपतेय, आणि तिच्याबरोबर आमचा इथला व्हिसा. सत्तावीस वर्षं राहिलो, पण इथले झालो नाही. "इन्शाल्ला, हो जाएगा," एजंट म्हणाला. म्हणजे नाहीच.

रियाला सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "सो वी ऑलवेज विश्ड यू लेट, ममा?" बावीस मे. दरवर्षी केक.

फ्रान्सिसला अजून सांगितलेलं नाही. तो आत्ताच सेलमधून आला, तिघांसाठी थंडीची जाड जॅकेट्स घेऊन. "घालून बघ गो, बसतं का."

मी घालून दाखवलं.