तळ्याच्या बांधाचा कौल

सोमवार, ऑक्टोबर १९८३

परवाच्या वादळाने घरामागचा उतार तळ्यात वाहून गेला. तुळस आता अगदी कडेला उभी आहे. जांभ्या दगडाचा बांध घालायला हवा, पण तळे देवाचे, म्हणून आधी देवाचा कौल. देव नको म्हणाला तर?

सकाळी गुरवाने देवाच्या दोन्ही बाजूंना ओली फुले चिकटवली. उजवे पडले की होकार, डावे पडले की नकार. मी हात जोडून विचारले, बांध घालू, की घर सोडून मुलाकडे मुंबईला जाऊ? एकही फूल हलेना.

गुरव हसला. "तात्या, देवाने कशाकशाचा जबाब द्यायचा? एका वेळी एकच विचारा."

मग फक्त बांधाचे विचारले, आणि उजवे फूल लगेच खाली! इतके लगेच? गुरवाचा हात तर नाही ना लागला? नाही, तो लांब होता. मी पाहिले.

घरी हिला सांगितले, तर म्हणाली, "मुंबईचं विचारलंत कशाला? मी येणार होते थोडीच!"

संध्याकाळी ही तुळशीला दिवा लावायला गेली. घसरेल म्हणून मी मागून पदर धरला.

"सोडा हो, लोक बघतायत."

बघू देत. बांध होईपर्यंत रोज धरणार.