शब्दाच्या शेवटचा स

४ फेब्रुवारी
आज बोलण्याच्या तपासणीत पुन्हा तेच. चित्रांची कार्डं दाखवली — केस, कापूस, माणूस. तिसरीतली लांब वेणीवाली पोर म्हणाली, के, कापू, माणू. शेवटचा स खाल्ला. या सत्रात असं बोलणारी ही पहिली नाही. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "स ची साथ आलीय का हो आमच्या शाळेत?" मीही हसले. बोलण्याची साथ येत नसते.

५ फेब्रुवारी
वेणीवालीची आई व्हरांड्यात गाठून म्हणाली, "घरी तर चुरूचुरू बोलते हो. वेगळ्या वर्गात नका घालू. तिथून मुलं परत येत नाहीत म्हणतात." मी म्हटलं, काळजी करू नका, हे सगळं मदतीसाठीच असतं. हे वाक्य मला पाठ झालंय. कुठल्या मुलाला कसली मदत लागेल, हे ठरवायचं माझं काम. दहा तारखेला वेगळ्या वर्गाची नावं ठरवायची बैठक आहे, आणि मी लिहिलेल्यावर तिथे कोणी शंका घेत नाही. आज पहिल्यांदाच वाटलं, घ्यायला हवी होती.

६ फेब्रुवारी
वेणीवालीची परत तपासणी. खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. तरी के, कापू, माणू. पोर मध्येच थांबली. "बाई, तुम्ही सारख्या माझ्या तोंडाकडे का बघता? आमचे आजोबा पण असंच बघतात. त्यांना ऐकू येत नाही."
कार्डं गोळा करताना हातातून पडली. तिनेच उचलून दिली.

७ फेब्रुवारी
सर्दी असेल. कानात दडे बसले असतील.
जेवताना हे एकदम ओरडले, "अगं, तो गजर किती वेळ बोंबलतोय!" घड्याळ माझ्या कोपराजवळ होतं. मला नुसता त्याचा दिवा दिसला. मुलाने उठून ते बंद केलं आणि गप्प जेवायला बसला. तो आहेच मुखदुर्बळ. लहानपणी त्याचंही बोलणं मला अस्पष्ट वाटायचं. रोज आरशासमोर बसवून घोटून घेतलं, पण आता कॉलेजात गेला तरी बोलत नाही.

८ फेब्रुवारी
भीती कसली ते लिहूनच टाकते. कान गेले तर नोकरी गेली. या कामात कानांवाचून माझ्याकडे आहे काय? गप्प बसले तर ती पोर वेगळ्या वर्गात जाईल. बोलले तर आजवरची सगळी कामं उकरली जातील. इकडे आड, तिकडे विहीर. माझ्याबरोबरच्या तपासनीस बाईला फोन करायला हात जातो आणि मागे येतो.

९ फेब्रुवारी
केला फोन. "मला नीट ऐकू येत नाही असं वाटतंय. उद्याच्या आत तू एकदा ऐक." ती दुपारीच शाळेत आली.
ती पोरीसमोर बसली, मी कोपऱ्यात. पोर म्हणाली, के, कापू, माणू. बाई प्रत्येक शब्दाला बरोबरची खूण करत गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगदी स्वच्छ बोलते गं."
पोर वर्गात पळाली. तिचं नाव बैठकीतून काढलं. तिची आई माझे हात धरून आभार मानत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

१२ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज गेलेत. स, श तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत."
"कधीपासून?"
"हे काल-परवाचं नाही, मॅडम. दहा-बारा वर्षं तरी मुरलंय."
तशीच शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना सांगून टाकलं. वेगळ्या वर्गात मी पाठवलेल्या सगळ्या मुलांची तपासणी पुन्हा होणार, दुसऱ्या कानांनी. त्यांनी खुर्ची पुढे केली. नोकरीचं काय होईल ते होवो. घरी यायला मात्र पाय उचलेना.

१३ फेब्रुवारी
मुलाला विचारलं, आरशासमोर बसवायचे तेव्हा तू स नीट म्हणत होतास का रे?
तो उठून माझ्या समोर येऊन बसला. मला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाला, "पहिल्या दिवसापासून, आई."