प्लॉट क्रमांक सात : तांबेरा शून्य

११ जानेवारी, सायं. ६.२०
या घरात पांढऱ्या पायजम्याला कोणी वाली उरलेला नाही. आज शाळेच्या व्हरांड्यात बंकट शिपायाने थांबवून विचारलं, "गुरुजी, हळदीला गेलता का कुणाच्या?" खाली पाहिलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तांबूस-पिवळा पट्टा. म्हणजे आठवीसमोर सबंध तास मी असा नवरदेवासारखा उभा होतो. घरी येऊन उज्ज्वलाला जाब विचारला. ती म्हणाली, "हळद मी डब्यात ठेवते. तुमच्या पोटऱ्यांवर नाही." सव्वीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघराने एकही चूक मान्य केलेली नाही. आज अपवाद होण्याचं कारण नव्हतं.
संकल्प : उद्यापासून माझे पायजमे मी स्वतः धुणार.
वैरणीच्या ओटाची नोंद : प्लॉट क्र. ७, निरामया वाण. पानांवरचे रोग : तांबेरा शून्य. भुरी शून्य. करपा शून्य. पाहणीची वेळ सकाळी साडेसहा, दव भरपूर.

१२ जानेवारी, सकाळी ८.००
पायजमा धुतला नाही. पाणी फार गार होतं.
पण निरामया! किल्ल्याच्या उतारावरच्या माझ्या पाच गुंठ्यांत तीन वर्षांपूर्वी सगळा ओट तांबेऱ्याने लाल झाला होता, आणि त्यात हे एकच झाड हिरवंगार उभं. त्याचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी एक ओळ, मागल्या वर्षी पूर्ण प्लॉट. त्यातली रोगट झाडं उपटून वैरणीत घातली, स्वच्छ तेवढी ठेवली. वाण निवडीने घडतो. बाकी सगळं हे पाणी आणि खत. नाव संस्कृतातून दिलं, कारण दुसरं कोणी देणार नव्हतं.
यंदा एक अद्भुत गोष्ट. प्लॉटच्या कडेला मी मुद्दाम जुन्या बियाण्याची एक ओळ पेरतो. हे बियाणं तांबेऱ्याला हमखास बळी पडतं. ती साक्षीदार ओळ. ती लाल झाली की कळावं, रोग आला आहे. मग शेजारच्या वाणाची खरी परीक्षा. यंदा साक्षीदार ओळसुद्धा स्वच्छ! अनुमान : निरामयाच्या सहवासाने दुर्बळालाही बळ येतं. सत्संग म्हणतात तो हाच. यावर साप्ताहिकात माझ्या 'वैरण-विचार' सदरासाठी लेख पाठवला.

१४ जानेवारी, संक्रांत
लेख छापून आला. अक्षर इतकं बारीक की वाचवेना. संपादकाला फोन केला. तो म्हणाला, "सर, टाइप बारा वर्षांत बदललेला नाही." कागदाचा भाव वाढला की माणसं अशी बोलतात.
धुळाजी तिळगूळ घ्यायला आला. डोंगरावरच्या वस्तीचा, चार म्हशींचा मालक. धारूरच्या निम्म्या चहात त्याचं दूध असतं. माझा मागल्या हंगामातला लेख वाचून (म्हणजे मी वाचून दाखवल्यावर) यंदा त्याने वैरणीचं कडवळ पेरलं नाही, मका पेरला नाही. होते तेवढे वीस गुंठे सगळे निरामयाला दिले. पहिली कापणी झाली. म्हणाला, "मास्तर, लई गोड वैरण हाय. म्हशी ओढून खात्यात. आता दुसऱ्या कापणीवर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत निभलं पायजे. दुसरं काय न्हाई आपल्याकडं."
मी म्हणालो, निर्धास्त राहा.
उज्ज्वलाने मात्र गोड बोलण्याच्या दिवशीच विषय काढला : वीस तारखेला अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. अकरा वर्षं साखर आहे, एकदा पडदा तपासून घ्या. वीस तारखेला ओट फुलोऱ्यात असणार. हे बायकांना सांगून समजत नाही.

१७ जानेवारी, दुपारी १.००
तडजोड म्हणून चष्म्याचा नंबर बदलायला मैनुद्दीनभाईकडे गेलो. धारूरच्या बाजारात वीस वर्षं त्यांच्याच खुर्चीत बसतो. उजवा डोळा झाकून डाव्याने बोर्ड वाचला. अडखळत, पण वाचला. मग डावा झाकून उजव्याने. शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड म्हटली, एक अक्षर न चुकता. मैनुद्दीनभाईंनी बोर्डाकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, ह्यो बोर्ड परवाच नवीन लावला. तुमी जुना वाचून दाखवला."
पाठांतर हा दोष कधीपासून झाला? आम्ही पाठशाळेत जे एकदा डोळ्याखालून घातलं ते मरेपर्यंत मुखात राहावं म्हणून छड्या खाल्ल्या आहेत.
नवी काच मागितली, तर देईनात. "काच इकली तर पैशे मलाच भेटतील, पर हे काचेचं काम न्हाई. मागचा पडदा दाखवा. लवकर दाखवा." व्यापारी माणूस माल विकायला नकार देतो तेव्हा त्यात काहीतरी मोठा डाव असतो. अजून लक्षात आलेला नाही.

२० जानेवारी, सायं. ५.३०
अंबाजोगाईला गेलो नाही. विज्ञानाने अडवलं.
निरामयाचा एकच अवगुण : वाऱ्यात लोळते. म्हणून जाड ताटाच्या एका वाणाशी तिचा संकर करायचं ठरवलं. कृती सोपी. उमलायच्या आधी फूल उघडून आतले तीन परागकोष चिमट्याने काढायचे, म्हणजे ते स्वतःचंच फळत नाही. मग परक्याचा पराग घालायचा. फूल भाताच्या दाण्याएवढं. उज्ज्वलाचा भुवयांचा चिमटा घेतला. दोन तासांत सहा फुलं पूर्ण.
आमची जुनी विद्यार्थिनी स्वप्ना, सध्या इथे कृषी सहायक, मोटारसायकल थांबवून प्लॉटवर आली. कौतुकाने भिंग काढून पाहू लागली. "सर, परागकोष जिथल्या तिथं आहेत. सगळ्या फुलांत."
मग दोन तास मी काढलं काय?
तिने माझ्या बशीतलं बोटावर घेऊन पाहिलं. "तूस आहे, सर."
वारा फार होता. उद्या वारा पडल्यावर पुन्हा. उज्ज्वलाने अपॉइंटमेंट पुढे ढकलली. माझ्याशी न बोलता.

२१ जानेवारी
वारा नव्हता. चिमटा सापडला नाही. लपवला असावा.
प्लॉट क्र. ७ : तांबेरा शून्य. साक्षीदार ओळ : शून्य. पायजमा : पुन्हा हळद.

२६ जानेवारी, दुपारी १२.००
झेंडावंदन. बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची नावं वाचण्याचा मान दरवर्षी माझा, उच्चारांमुळे. यादी ऐन वेळी हातात दिली. ऊन कागदावरून परावर्तित होत होतं. मी आत्मविश्वासाने अकरा नावं घेतली. मैदानातून कोणी उठेना. मग लक्षात आलं, ही मागल्या वर्षीची नावं. पोरं पास होऊन निघून गेली. सगळे हसले. मीही हसलो. मुख्याध्यापिकेने यादी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. तेवढं 'हळूच' नको होतं.
संकल्प : कार्यक्रम सावलीत घ्यावा, असं लेखी सुचवणे.

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१५
धुळाजी दारात. बसला नाही. "मास्तर, दुसऱ्या कापणीचं तुमचं गवत म्हशी त्वांडात धरत न्हाईत. हुंगत्यात अन् मान फिरवत्यात. कावून आसं व्हावं?"
मी म्हणालो, जनावराला सवयीचा कंटाळा येतो. थोडं मीठ शिंपड, सरकी पेंडीत कालवून घाल. तो म्हणाला, "मीठ शिंपडलं. पेंड खात्यात, गवत ठिवत्यात. हुशार हायत."
सदरासाठी नवा विषय : 'जनावरांना चव लावा.'

८ फेब्रुवारी, सायं. ४.००
धुळाजीच्या वस्तीवर जाऊन आलो. जायला नको होतं.
गोठ्यात शिरलो तर साखराबाई, म्हणजे त्याची बायको, गव्हाण झाडत होती. म्हणाली, "या मास्तर. आमच्या म्हशीची हळद बघा." म्हैस पुढे ओढली. काळंभोर तोंड, आणि नाकपुड्यांभोवती केशरी भुकटी. ती मला दिसली, कारण साखराबाईने माझं बोट धरून तिथे टेकवलं आणि मग ते माझ्या डोळ्यांपुढे आणलं.
मग तिने धुळाजीचं धुतलेलं धोतर दांडीवरून काढलं आणि त्याचं एक टोक धरून उभ्या ओटातून दहा पावलं चालत गेली. परत आली ते रंगलेलं धोतर घेऊन. माझ्या पायजम्याकडे पाहून म्हणाली, "तरीच म्हनलं, मास्तर रोज कुनाच्या लग्नाला जात्यात."
धुळाजीने तिला दटावलं. मी शांतपणे समजावलं : हा पराग आहे. ओट फुलोऱ्यात असला की सोनेरी पराग उडतो, हे उत्तम लक्षण.
साखराबाई म्हणाली, "मंग म्हशीला कळंना व्हय उत्तम लक्षण?"
पानं घेऊन आलो. स्वप्नाला दाखवून या बाईचा भ्रम दूर करायचा.

११ फेब्रुवारी, सायं. ६.००
स्वप्ना आली. पिशवी उघडून तिने एकच पान पाहिलं, भिंगसुद्धा काढलं नाही. "तांबेरा आहे, सर. पराग नाही." मग माझ्या प्लॉटवर गेलो. निरामयावर तांबेरा. साक्षीदार ओळीवर तर, तिच्या शब्दांत, "खच्चून." तिने माझी नोंदवही मागितली. पान उलटत गेली. शून्य, शून्य, शून्य. विचारलं, "सर, साक्षीदार ओळपण तुम्हाला स्वच्छ दिसली? रोज?"
मी सत्संगाबद्दल सांगायला सुरुवात केली. तिने एक पान तोडून माझ्यासमोर धरलं. "यावर काही दिसतंय?"
मी म्हणालो, चार ठिपके.
तिने पान पिशवीत ठेवलं. वर्गात हीच मुलगी उत्तर सांगायला सगळ्यांच्या आधी हात वर करायची.
मग हळू आवाजात विचारलं, "मागल्या वर्षी रोगट झाडं कोणी उपटली होती?"
मीच. एकट्याने. तीन दिवस लागले.
"आणि ठेवली कोणती?"
ती गेल्यावर बांधावर बसलो. तीन वर्षांपूर्वीचं ते झाड खरं होतं. ते मी नीट पाहिलं होतं. पानाच्या कडेची लवसुद्धा आठवते. म्हणजे मागल्या वर्षी त्याची स्वच्छ लेकरं प्लॉटमध्ये होती. ती मी ठेवली की उपटली? उपटलेल्या पेंढ्या मी धुळाजीलाच दिल्या होत्या. म्हशींनी आवडीने खाल्ल्या, असं तो म्हणाला होता.

१२ फेब्रुवारी
नोंद नाही. प्लॉटवर गेलो नाही. थंडी होती. (फार नव्हती.)

१५ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
धुळाजी म्हशी घेऊन उतरला, चारही. तेलगावकडे निघालाय. तिकडे ऊसतोड चालू आहे. उसाचं वाढं, म्हणजे तोडलेले शेंडे, मिळेल तोवर बांधाबांधाने राहणार. साखराबाई डोक्यावर भांडी घेऊन मागे. तिच्याकडून टोमणा येईल म्हणून मी तयार होतो. तिने फक्त पदर सारखा केला. धारूरचं दूध आजपासून बंद. त्यातल्या गाभण म्हशीला एवढं चालवणं बरं नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.
मी म्हणालो, धुळाजी, पुढल्या वर्षी नवीन निवड करू, अगदी काटेकोर.
त्याने दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "राग न्हाई मास्तर तुमच्यावर. तुमी जाणून केलं न्हाई. पर एक इचारू? तुमाला दिसतं का?"
मी म्हणालो, दिसतं की.
"बरं," म्हणाला. मग, "मी कवाधरनं हात वर करून हुबा हाय. राम राम घालतोय तुमाला."

१७ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प लिहायला वही उघडली. उज्ज्वला चहा घेऊन आली, वहीत डोकावली आणि तिथेच बसली. म्हणाली, "अहो, परवाच्या ओळींवरच लिहिताय तुम्ही."
तिने पान उलटून दिलं. बोट धरून कोऱ्या ओळीवर ठेवलं. आता तिथून लिहितोय.
उजव्या डोळ्याने मला दिसत नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून. मधोमध धुरासारखा डाग आहे, कडेचं तेवढं कळतं. डाव्याला मागल्या हंगामातच अंधूक होऊ लागलं होतं, यंदा संक्रांतीच्या आधीपासून तेच सुरू झालंय. वर्गात चाललं, कारण पुस्तकं पाठ आहेत. घरात चाललं, कारण घर पाठ आहे. ओट पाठ नव्हता.
उज्ज्वलाला हे आत्ताच सांगितलं. ती उद्याच अंबाजोगाईला निघू म्हणते. एक महिना आधी गेलो असतो तर काही वाचलं असतं का, हे डॉक्टरांना विचारायचं की नाही, ते ठरत नाही.
ती अजून शेजारीच बसली आहे. रडते आहे का, ते मला दिसत नाही.
मला भीती वाटते.