बाबांचा बोटीवरचा कोट

बाबा, तुमच्या कोटाबद्दल लिहायला बसले आहे. दुसरं काही लिहायला घेतलं तर मला जमणार नाही.

तो काळा, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा कोट तुम्ही उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला होतात. तिकडे डेकवरचे दोर थंडीने काठीसारखे ताठ होतात, असं सांगायचात. आणि आपण राहायचो घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या एका खोलीत, जिथे डिसेंबरातही पंखा बंद केला तर आई कुरकुरायची. त्या खोलीत खुंटीवर तो कोट टांगलेला असायचा. दर खेपेला दोन-तीन महिने राहायचा आणि तुमच्याबरोबर बोटीवर परत जायचा. मी चौथीत असताना तुम्ही आलात ते मात्र गेलाच नाहीत. कंपन्या बोटी विकत होत्या, खलाशी जास्त आणि जागा थोड्या. दर शुक्रवारी तुम्ही दाढी करून गोदीजवळच्या ऑफिसात बोटीसाठी नंबर लागला का ते बघायला जायचात. परत आलात की आई विचारायची, "लागला?"

"लागतलो गो. जातलो खंय?"

आई साकीनाक्याच्या एका कारखान्यात बटणं-स्विच जोडायला जाऊ लागली, तेव्हापासून भात तुम्हीच करायचात. कोटाचं काम तर तुमचंच. पावसाळ्यात त्याच्या कॉलरवर पांढरी बुरशी धरायची. ऑक्टोबर आला की तुम्ही तो उलटा करून दोरीवर टाकायचात, तोही पत्र्याच्या सावलीत, काळा रंग विटू नये म्हणून. मग मला हाक यायची, "चेडवा, ब्रश हाड." ब्रश मानेपासून खाली, एकाच दिशेने फिरवायचा. खिशांत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या. हँगरच्या खांद्यांना आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, म्हणजे कोटाचे खांदे पडत नाहीत. इस्त्री त्याला कधी लागली नाही. भाताच्या टोपावर वाफ धरायची आणि हाताने सुरकुत्या ओढायच्या. एकदा आई लवकर घरी आली आणि हे बघून भडकली.

"पोटात जायचा भात आहे तो! कोटाला वाफ द्यायची तर पाणी उकळा ना वेगळं."

"घासलेट कित्या जाळूचा?" तुम्ही म्हणालात, आणि ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी तुमच्या मनाने घेतलं की कोट जुन्या चालीचा आहे. जवान पोरं कमरेपर्यंतची जाकिटं घालतात, हा लांब कोट बघून साहेब म्हणेल, ह्यो म्हातारो झालो. आई म्हणाली, "अहो, कोट बघून घेतात का कोणी बोटीवर?" तुम्ही कोट आखूड करायला घेतलातच. तुम्ही कोट घालून खोलीच्या मध्यभागी उभे आहात आणि मी शिंप्याचा खडू घेऊन तुमच्याभोवती रांगतेय, मांडीवर रेघ मारत. "सरळ मार गो, दर्यावरची लाट नको." ताडपत्र्या शिवून बसलेला तुमचा हात, टाका बाहेरून दिसलाच नाही. काळी बटणं काढून पितळेची लावलीत. मग छोट्या आरशात बघून कॉलर वर, कॉलर खाली, मफलर आत, मफलर बाहेर.

"कसो दिसतंय?"

"इंजिनियर," मी म्हटलं. तुम्ही इतके हसलात की शेजारणीने डोकावून बघितलं. कापून उरलेल्या पट्टीची तुम्ही मला बंडी शिवलीत. जानेवारीत मी ती शाळेत घालून गेले तेव्हा बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, ताप आलाय का? मी घामाने भिजले, पण ती काढली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मेडिकलला बोलावणं आलं. तुम्ही कोट चढवलात, वरपर्यंत बटणं लावलीत. आई दारात आडवी उभी राहिली. "काढा तो. लोक हसतील."

"सायबाक दिसाक होया, मी तयार आसंय."

मला सुट्टी होती, म्हणून मला बरोबर घेतलंत. बसमध्ये एकाने विचारलं, "काय काका, काश्मीरला?" तुम्ही त्याच्याबरोबर हसलात. हनुवटीवरून घाम कॉलरवर ठिबकत होता आणि तुम्ही तो रुमालाने टिपत होतात, चेहऱ्यावरचा नाही, कॉलरवरचा. डॉक्टरांनी कोट काढायला लावला, दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला, पुन्हा बघितला. "हे कधीपासून आहे?"

"साहेब, कोटामुळे गरम झालंय. जरा पंख्याखाली बसतो, मग बघा." तुम्ही शुद्ध बोललात. तुम्हाला तसं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी बसू दिलं. बराच वेळ बसलो आपण. मग त्यांनी पुन्हा बघितलं आणि तुमच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "नाही पाठवता येणार तुम्हाला. आता बोटीचा विचार सोडा." तुम्ही मान हलवलीत. कोट अस्तर बाहेर करून, नीट घडी घालून हातावर घेतलात. वाटेत मला उसाचा रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत. घरी आल्यावर आईला काही सांगावं लागलं नाही. तुम्ही ओल्या फडक्याने अस्तरावरचं घामाचं मीठ टिपत बसलात आणि ती तुमच्यासमोर ताट ठेवून बाजूला झाली. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दाढी केलीत आणि ऑफिसात गेलात. आईने अडवलं नाही. तुम्ही जातच राहिलात.

पुढे एका पावसाळ्यात तुमची एक बाजू गेली आणि पालिकेच्या इस्पितळातून तुम्ही घरी आला नाहीत. त्या ऑक्टोबरात कोट कोणी दोरीवर टाकला नाही. आईने खुंटीवरून काढला तेव्हा कसर लागून खांद्यांची चाळण झाली होती. बोहारणीने तो उजेडाला धरला आणि परत दिला. आईने पितळेची बटणं कापून घेतली आणि बाकीच्याची पायपुसणी केली. पुष्कळ वर्षं टिकली ती. लोकर चांगली होती.

मी आता तुमच्या त्या वयाहून मोठी आहे. आई अजून 'ती वाईट वर्षं' म्हणते आणि मी मान डोलावते. तिला हे कधी सांगितलं नाही, आणि तुम्हाला लिहिलं तरी हा कागद टाकायला पत्ता नाही. बाबा, शाळेतून आल्यावर दार उघडं असायचं आणि तुम्ही घरात असायचात, अशी माझी तेवढीच वर्षं. शुक्रवारी तुम्ही तोंड पाडून चढ चढताना दिसलात की मला बरं वाटायचं.